माथेरानला नेलेल्या चाव्या

माथेरानला जायचं असेल तर कोणाला तरी बरोबर घेऊन जा. बायकोला न्या, मित्राला न्या, तेही जमत नसेल तर ज्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलंय त्या मेहुण्याला न्या, पण एकटे जाऊ नका. माकडं, चढ, घोड्यांची लीद यांचा त्रास सगळ्यांनाच होतो, त्याचं काही विशेष नाही. एकट्या माणसाला मात्र तिथं खोली मिळायची मारामार. यंदा दिवाळीनंतर मी जाऊन आलो. जे झालं ते सांगतो, मग जाणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

सिल्वासा, भाऊबीज

मी राहतो सिल्वासाला, डोकमर्डीत. मूळचा लांज्याकडचा. नोकरीसाठी इथं आलो, शाळेत भूगोल शिकवत उभं आयुष्य काढलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. इतकी वर्षं राहूनही कोणी विचारलं की तोंडातून 'लांजा' असंच निघतं, आणि यात मी एकटा नाही. सिल्वासात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न 'गाव कोणतं?' हाच. इथले वारली आणि कोकणा आदिवासी सोडले तर बाकी आम्ही सगळे कुठून तरी आलेले. कोणी धुळ्याचा, कोणी नंदुरबारचा, कोणी थेट बिहारचा. सुट्टी लागली की आपापल्या गावाला पळायचं हा इथला अलिखित नियम. दिवाळीत कारखान्यांची यंत्रं थांबतात, खोल्यांना कुलपं लागतात, आणि नेमकी त्याच दिवसांत गुजरातेतली माणसं गाड्या भरभरून आमच्याकडं फिरायला येतात. दुधनीच्या तलावात होडीत बसून फोटो काढतात. ज्या गावात लोक हौसेनं येतात तिथून आम्ही त्याच मुहूर्तावर पळ काढतो, याची मला नेहमी गंमत वाटायची.

नलिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, तेवढी वाटायची नाही. आमची प्रत्येक सुट्टी लांज्याला नाहीतर तिच्या माहेरी राजापूरला गेली. परतीच्या गाडीत बसलं की ती दर वर्षी म्हणायची, "एकदा नुसतं फिरायला जाऊ हो. कोणाला भेटायला नाही, कोणाचं दुखणंखुपणं बघायला नाही. नुसतं. माथेरानला जाऊ." मी म्हणायचो, "जाऊ." त्या 'जाऊ'त काही खोटं नव्हतं. दोघांनाही वाटायचं की वर्षं पुष्कळ आहेत. दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेली. मूलबाळ नाही. आई त्याच्या आधीच गेलेली, गावच्या घराला आता कुलूप असतं आणि त्याची चावी भावाकडं ठाण्याला. तेव्हा या दिवाळीत मी पहिल्यांदाच सिल्वासात राहिलो.

मी राहणार ही बातमी आमच्या मजल्यावर वाऱ्यासारखी पसरली. समोरच्या दारची मनीषा शिरपूरकडची. तिचा नवरा भगवान सामरवरणीला धाग्याच्या कारखान्यात कामाला आहे. निघायच्या दिवशी ती दारात आली तेव्हा तिच्या हातात अख्ख्या मजल्याच्या चाव्या होत्या, परकराच्या लाल नाडीत ओवलेल्या.

"सर, तुम्ही इथंच आहे ना? मग हे तुमच्याजवळ ठेवा," ती म्हणाली. "पहिले खालच्या बेन राहायच्या दिवाळीला, त्या पाहायच्या सगळं. आता त्या गेल्या सुरतला लेकाकडे. सगळ्यांकडून जमा करून आणल्या मी. पाणी आलं का पिंप भरून घ्या, आन् संध्याकाळी देवापुढं आन् दारात एक एक दिवा लावून द्या. दिवाळीचं घर अंधारात नको राह्यला."

"नाडी कशाला?"

"तुम्ही हरवले तर? नाडी डोळ्यात भरते."

मी भूगोलाचा शिक्षक होतो, दिवे लावण्याचा नव्हे. पण नाही म्हणता आलं नाही. वसुबारसेपासून रोज संध्याकाळी तेलाची बुधली घेऊन मी एकेक कुलूप उघडायचो, दुसऱ्याच्या देवापुढं दिवा लावायचो, दारात पणती ठेवायचो आणि पुन्हा कुलूप घालायचो. दुसऱ्यांच्या घरातला वास, भिंतीवरची लग्नं, स्टुलावर विसरलेली फणी. शेवटी माझं दार. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळा मजला उजळला होता आणि तो बघायला मी एकटा होतो. छान दिसत होता, खोटं का बोला. पण ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायला कोणी नव्हतं.

भाऊबीज झाली. आता दिव्यांचंही काम उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप विसळताना त्या शांततेचा मला इतका राग आला की मी पिशवी भरली आणि वापीची रिक्षा धरली. जायचं कुठं, हा प्रश्न पडलाच नाही. पाय माथेरानकडंच निघाले.

दस्तुरी नाका

वापी ते नेरळ या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. नेरळहून टॅक्सी घाट चढत दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तिथं थांबते, कारण पुढं गाडी न्यायला बंदी आहे. घोडा, बॅटरीवरची रिक्षा, थोड्या अंतरासाठी ती खेळण्यातल्यासारखी आगगाडी किंवा स्वतःचे पाय. मी पाय निवडले. पन्नास पावलांत माझ्या पांढऱ्या बुटांना रंग चढला. लाल माती! आमच्याकडची जांभ्याची तीच माती. बुटांना ती लागलेली बघून उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

सिल्वासात आयुष्य टेम्पो आणि ट्रकच्या भोंग्यांत गेलेल्या माणसाला इथली शांतता आधी बहिरेपणासारखी वाटते. मग हळूहळू पानं ऐकू येतात, घोड्यांच्या टापा ऐकू येतात. रस्त्याच्या कडेला झाडीत जुने बंगले दिसतात, गंजलेल्या फाटकांचे, ओसाड व्हरांड्यांचे. हे गाव ठाण्याच्या कोण्या इंग्रज कलेक्टरानं शोधून काढलं म्हणतात. पायथ्याच्या वाड्यांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वर येत-जात होती, ती बहुधा डोळे मिटून येत असावीत. मग साहेब लोकांनी कड्यांना आपल्या बायकामुलींची नावं ठेवली. मी वर्षानुवर्षं फळ्यावर सह्याद्री काढला, त्यावर पावसाचे बाण काढले, पण सह्याद्रीच्या अंगावर असा नुसताच फिरायला कधी आलो नव्हतो.

सिल्वासाचा पहिला प्रश्न जसा 'गाव कोणतं?', तसा माथेरानचा पहिला प्रश्न 'किती जण?' घोडेवाले विचारतात, चहावाले विचारतात, लॉजवाले तर विचारतातच.

"किती जण?"

"एक."

"आणि बाकीचे मागून येतायत?"

बाकीचे मागून येणार नव्हते. पहिल्या लॉजवाल्यानं खोल्या भरल्यात म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच्या पाठीमागच्या फळीवर किल्ल्याच किल्ल्या लटकत होत्या. दुसरा म्हणाला, "फक्त फॅमिलीला देतो." मी म्हटलं, "मीच माझी फॅमिली." तो हसला नाही. तिसऱ्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं, "काका, आता शेवटची गाडी मिळेल तुम्हाला, घरी जा," असं सांगितलं. त्या हळू आवाजानं माझं डोकं अधिक फिरलं.

कुसुमताईंची ओसरी

बाजारपेठेच्या मागं, एका उतारावर, पत्र्याच्या ओसरीचं घर दिसलं. घरगुती राहण्याची सोय अशी पाटी होती. ओसरीत एक बाई वाल सोलत बसल्या होत्या. या कुसुमताई, घराच्या मालकीण. साठीच्या असाव्यात, आवाज खणखणीत.

"किती जण?"

"एकच आहे, आणि तो एकटाच राहणार आहे," मी म्हटलं. पाय दुखत होते, तोंडाला लगाम नव्हता. "तुमच्या गावात एकटा माणूस जास्त पाणी वापरतो का? सगळे असे का पळवून लावताहेत?"

त्यांनी वालाची परात बाजूला ठेवली. "राग मानू नका सर. एकट्या माणसाला नाही ठेवत आम्ही."

"पण का?"

समोर झाडांच्या फटीतून दरीचा निळा तुकडा दिसत होता, तिकडं बघून म्हणाल्या, "मागे एकदा ठेवला होता. तुमच्यासारखाच, शिकलेला, साधा. सकाळी उठून बघते तर खोली उघडी. प्यालेला पेला तसाच. मग सगळा गाव शोधायला गेला. आमच्या घरात कितीतरी दिवस कोणाला घास गेला नाही."

आता कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती सगळी माणसं मला खोली नाकारत नव्हती, माझ्याकडं बघून दरीचा विचार करत होती. मला भयंकर अपमान वाटला.

"अहो, मी फिरायला आलोय!"

"एकटं कोण येतं फिरायला?" कुसुमताई म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, त्या खरोखर विचारत होत्या. मीही जन्मात कधी कोणाला एकटं फिरायला गेलेलं पाहिलं नव्हतं.

"घरच्या कोणाचा नंबर द्या," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. "मी बोलते. घरच्यांनी सांगितलं तर ठेवते."

मी पिशवीतून फोन काढू लागलो. घरचं कोणी. भावाला लावायचा, तर तो सगळं ऐकून आधी मला शहाणपण शिकवणार आणि मग ठाण्याला चल म्हणणार. शिवाय आमचं शेवटचं बोलणं आईच्या वर्षश्राद्धाला झालेलं. फोनमधली नावं वर सरकवत होतो. गॅसवाला. दाताचे डॉक्टर. शाळेचा कारकून. नलिनीचं नाव अजून होतंच, ते ओलांडून पुढं गेलो. मला मरायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण 'हा माणूस परत यायला हवा' असं जो फोनवर म्हणेल असा माणूस शोधताना माझा अंगठा थांबत नव्हता, हेही तितकंच खरं. त्या ओसरीत मला जेवढं एकटं वाटलं तेवढं नलिनीच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

फोनबरोबर पिशवीतून आणखी काही तरी ओढलं गेलं होतं. ते खळ्ळकन फरशीवर पडलं. लाल नाडी आणि तिच्यात ओवलेल्या चाव्या.

मी बघतच राहिलो. निघताना त्या वॉचमनकडं ठेवायच्या होत्या. रागाच्या भरात मी अख्ख्या मजल्याच्या चाव्या घेऊन डोंगरावर आलो होतो.

"या कशाच्या?" कुसुमताईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांच्या घरांच्या. सगळे गावाला गेलेत. मी दिवे लावायला होतो."

त्यांनी जुडगा उचलला, हातात तोलून बघितला. "एवढ्या लोकांनी घरं सोपवली तुमच्यावर? मग त्यांच्यातल्याच कोणाला तरी लावा की फोन."

मनीषानं पहिल्याच घंटीला उचलला. मागं कोंबड्या, भांडी, कोणाची तरी मोठ्यानं चाललेली बडबड.

"हा सर, बोला! जेवले का?"

मी काही बोलायच्या आत कुसुमताईंनी फोन आपल्याकडं घेतला, त्याचा स्पीकर लावला आणि आपण कोण ते सांगितलं.

"माथेरान?" मनीषा ओरडली. "सर माथेरानला काय करी राहिले? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"बरी आहे. एकटेच आलेत, म्हणून विचारते. तुम्ही कोण लागता त्यांच्या?"

मी फरशीकडं बघत होतो.

"घरचेच आहे आम्ही," मनीषा म्हणाली. "द्या त्यांना खोली. पण एक सांगते ताई, त्यांच्यावर ध्यान ठेवा. मॅडम गेल्यापासून त्यांचं लक्षच नसतं कशात. मागे चहा गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले, सगळा जिना धुरानं भरला होता. काठाबिठावर नका जाऊ देऊ."

झालं! खोली मिळाली, पण अब्रू गेली. मी घाईघाईनं फोन परत घेतला, तर मनीषाचा आवाज बदलला होता.

"सर, पण चावी कोणाजवळ ठेवून गेले?"

मी चाव्यांकडं पाहिलं. "माझ्याजवळ आहे."

"म्हणजे? तिथं? माथेरानला नेली?" ती इतकी हसली की मागच्या बडबडीचाही आवाज बंद झाला. तिनं तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं, आणि शिरपूरच्या त्या अंगणात मी न बघितलेली माणसं माझ्यावर हसली. मग म्हणाली, "सर, परवा संध्याकाळी येऊ राहिलो आम्ही. यांची पाळी आहे ना. पोरं, गाठोडी घेऊन दारात नका उभं करू आम्हाला."

"त्याआधी मी पोचलेला असेन."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. खूप दिवसांनी मला कोणी कशाबद्दल 'नक्की ना' असं विचारलं होतं.

लुइसा पॉइंट

रात्रीचं जेवण खोलीत नाही, स्वयंपाकघरात त्यांच्या पंगतीला मिळालं. मनीषाचं ऐकून माझ्यावर ध्यान ठेवायचं ठरलेलं दिसत होतं. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडं बिरड्यात खोबरं जास्त आणि गूळ टाकल्याशिवाय बायकांचं समाधान होत नाही; इथलं झणझणीत होतं. मी दुसरी भाकरी मागून घेतली तेव्हा कुसुमताईंचा चेहरा सैलावलेला दिसला. जेवणारा माणूस त्यांच्या हिशेबानं धोक्याबाहेर असावा.

तरी सकाळी ओसरीखाली एक तपकिरी घोडा आणि त्याच्या शेजारी एक वाळकासा माणूस उभा होताच. हा त्यांचा दीर, बबन. घोड्याचं नाव तुफान, चाल मात्र म्हशीची.

"बसायचं तर बसा," बबन म्हणाला. "नाहीतर मी मागनं येतो."

"मला घोडा नको आहे."

"नको तर नको. आम्ही आपले फिरायलाच निघालोय."

तेव्हा अशी वरात निघाली. पुढं मी, मागं बबन, त्याच्या मागं तुफान. मी थांबलो की दोघं थांबत. शार्लोट तळ्याशी मी बसलो, तर तुफाननंही पाणी प्यायलं. माझ्या खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात बाजारात घेतलेली चिक्की, आणि चाव्या. खोलीची कडी कच्ची होती. दुसऱ्यांची घरं अशी सोडून जायला मन होईना. माझ्या घराची चावी मात्र नाडीत नव्हती, ती नलिनीच्या जुन्या साखळीला होती, पण तीही त्याच पिशवीत. त्या साखळीला एक छोटी बॅटरी होती, कधीचीच बंद पडलेली. तिनं ती कुठल्या तरी जत्रेत घेतली होती.

लुइसा पॉइंटवर उजेड अजून कोवळा होता. समोर प्रबळगड, खाली धुक्यात बुडालेली गावं. कोण ही लुइसा देव जाणे, पण जागा बेस निवडली होती तिनं. आजूबाजूला जोडपी, कुटुंबं. जो तो दुसऱ्याला "ते बघ, ते बघ" म्हणत होता. माझ्याही तोंडावर आलं होतं. "ते बघ" म्हणायला शेजारी कोणी नसलं की डोंगर नुसताच दिसतो, त्याचं काय करायचं ते कळत नाही. नलिनी असती तर तिनं आधी कठड्याची धूळ पदरानं झटकली असती, मग बसली असती, मग म्हणाली असती की उशीर केलात. मला फार वाईट वाटलं. डोळे पुसायला चष्मा काढला आणि पिशवी कठड्यावर ठेवली.

माकडाला तेवढंच हवं होतं. काय होतंय ते कळायच्या आत पिशवी गेली. कठड्यावर बसून त्यानं चिक्कीचं पाकीट दातांनी फाडलं, पिशवी उलटी केली, झटकली आणि भिरकावून दिली. लाल नाडी हवेत गेलेली मला दिसली. ती कठड्यापलीकडं, उताराच्या कडेला, एका करवंदीच्या जाळीत अडकली आणि लोंबत राहिली.

मी विचार केला नाही. चष्मा नव्हता, समोर फक्त लाल रंग होता. मी कठड्यावरून पाय टाकला.

"सर!"

कॉलर मागून इतक्या जोरात ओढली गेली की बटण तुटलं. मी पाठीवर पडलो आणि बबन माझ्यावर. आजूबाजूची माणसं किंचाळली. बबनचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो माझा सदरा सोडायला तयार नव्हता.

"काय करत होता तुम्ही? आं? वहिनीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"चाव्या!" मी ओरडलो. "सोड मला. लोकांच्या घरांच्या चाव्या आहेत त्या! मला परत जायचंय! उद्या संध्याकाळी ती माणसं दारात येणार आहेत, मला परत जायचंय!"

स्वतःचा आवाज मलाच ऐकू आला. गेल्या दोन वर्षांत मी शाळेतून, बाजारातून, दवाखान्यातून घरी आलो होतो, पण मला परत जायचंय असं कधी वाटलं नव्हतं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून जायचो. आता लाल धुळीत बसून, परक्या माणसाच्या मिठीत, मी सिल्वासाला जायचंय म्हणून पोरासारखा ओरडत होतो.

बबननं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग करवंदीच्या जाळीकडं पाहिलं. "ह्येच्यासाठी?" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. मलाही फुटलं. लोकांना आम्ही दोघंही डोक्यानं बिघडलेले वाटलो असणार.

त्यानं माझ्या हातात तुफानचा लगाम देऊन मला उभं केलं, जसं काही तो घोडाच मला सांभाळणार होता. मग स्वतः कठड्यावर आडवा झाला आणि हातातल्या छडीनं नाडी अलगद ओढून घेतली. सगळ्या चाव्या होत्या. बॅटरीची साखळी मात्र नव्हती. ती नाडीत ओवलेली नव्हती ना. बबननं बराच वेळ खाली पाहिलं आणि मान हलवली.

अख्ख्या मजल्याच्या चाव्या वाचल्या होत्या, माझ्या घराची तेवढी दरीत गेली होती.

परत डोकमर्डी

कुसुमताईंनी निघताना वालाची पुरचुंडी दिली, आणि "पुढच्या वेळी एकटे आलात तरी चालेल," असंही म्हणाल्या. एकट्यानं जाऊ नका असं मी सुरुवातीला लिहिलंय खरं, पण अगदीच जावं लागलं तर दुसऱ्याच्या घरची चावी घेऊन जा, म्हणजे निभावतं.

दुपार कलताना मी डोकमर्डीत पोचलो. माझ्या दाराला माझंच कुलूप होतं आणि मला आत जाता येत नव्हतं. जरा वेळ जिन्यात बसलो. मग मनीषाचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या, पिंप भरलं, केर काढला. तिन्हीसांजा झाल्या तशी देवापुढं दिवा लावला आणि दारात पणती ठेवली. दिवाळी संपली होती, त्याची काही गरज नव्हती. पण आजवर ती पणती बघायला कोणी येत नव्हतं, आज येणार होतं.

ती माणसं आली तेव्हा आधी पोरांचा आवाज आला, मग गाठोड्यांचा, मग मनीषाचा. "अरे, दार उघडं! दिवा लावलेला!" आत येऊन तिनं माझ्या तुटलेल्या बटणाकडं, लाल झालेल्या पँटीकडं पाहिलं. मी सगळी हकीकत सांगितली. कठड्याचं जरा कमी करून सांगितलं.

"म्हणजे तुमचीच चावी गेली?" भगवान म्हणाला. "थांबा, हातोडा आणतो. दोन घावात कुलूप तोडून टाकतो."

"आधी जेवू द्या त्यांना," मनीषा म्हणाली. "हातोडा कुठं पळून जातो का?"

भगवान जेवून पाळीला गेला. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडानं फोनवरून "खुशाल झोपा सर" म्हणून सांगितलं, तेव्हा झोपायला मी त्यांच्या घरी गेलो, कारण त्यांची चावी माझ्याकडं होतीच. दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला गाठायला गेलो, तर तो छठपूजेसाठी बिहारला गेलेला. सिल्वासात दुसरं काय असणार! हातोडाही मिळेना. भगवाननं सगळीकडं शोधला. मनीषा म्हणाली, "गावालाच राहिला वाटतं." मी तो तिच्या पलंगाखाली पाहिला होता, पिठाच्या डब्यामागं. मी काही बोललो नाही आणि तीही बोलली नाही. ते काही दिवस मी त्यांच्याकडं जेवलो. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. पोरांना सह्याद्रीचा नकाशा काढून दाखवला आणि माथेरानच्या जागी एक माकड काढलं.

मग एकेक बिऱ्हाड परतलं, आपापली चावी घेऊन गेलं आणि नाडी रिकामी झाली. कोपऱ्यावरची मंडळी आली तेव्हा मला झोपायला जागा उरली नाही. त्या दिवशी हातोडा आपोआप सापडला.

नव्या कुलपाबरोबर दोन चाव्या आल्या. मी त्या खिशात टाकत होतो, तेवढ्यात मनीषानं हात पुढं केला.

"एक द्या इकडं."

"तुला कशाला?"

"कशाला म्हणजे? मॅडमला जायचं होतं ना तसं तुम्ही परत कुठं फिरायला गेले, तर तुमच्या दारात दिवा कोण लावीन?"

मी दिली. तिनं ती लाल नाडीत ओवली, गाठ मारली आणि आपल्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. दार उघडं असलं की माझ्या घरातून ती दिसते. एवढ्या मोठ्या नाडीला आता एकच चावी आहे, माझी.